कंपनी विकाल, पण वडिलांची हमी कोण सोडवणार?

प्रश्न : आम्ही अर्धापूरचे. हळद पावडर, मसाले आणि केळीचे वेफर्स असा आमचा ब्रँड आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. वडील, मी आणि धाकटा भाऊ असे तिघे भागधारक व संचालक. निम्म्याहून जास्त माल आता ऑनलाइन जातो. एका मोठ्या ऑनलाइन विक्री कंपनीने आमचे ७० टक्के शेअर घ्यायची तयारी दाखवली आहे. काही रक्कम लगेच, काही दोन वर्षांनी विक्रीच्या आकड्यांवर, आणि हवं असेल तर रोखीऐवजी त्यांच्या कंपनीचे शेअर. (१) किंमत योग्य आहे हे कसं ओळखायचं? (२) रोख घ्यावी की शेअर? (३) कर किती बसेल? कंपनीला बँकेची ९० लाखांची सीसी (कॅश क्रेडिट) आहे आणि तिला वडिलांची बागायत जमीन तारण आहे, पण कंपनीच त्यांच्याकडे जाणार म्हटल्यावर कर्जही त्यांच्याकडेच जाईल. भाऊ म्हणतो, लवकर सही करा, नाहीतर ते दुसरा ब्रँड बघतील. वडील या विषयावर काही बोलत नाहीत.
— एक वाचक, अर्धापूर

उत्तर : तुम्ही तीन प्रश्नांना क्रमांक दिलेत आणि ज्या ओळीवर तुमचं घर उभं आहे तिला दिला नाहीत. मी तिथूनच सुरुवात करतो. ‘कर्जही त्यांच्याकडेच जाईल’ ही तुमची समजूत चुकीची आहे. शेअर विकले की कंपनीचे मालक बदलतात. कर्जदार तीच कंपनी राहते आणि जामीनदारही तेच राहतात. जमीन तारण देताना वडिलांनी दिलेली वैयक्तिक हमी हा त्यांचा आणि बँकेचा स्वतंत्र करार आहे. खरेदीदार त्यात पक्षकारच नाही, त्यामुळे त्याच्याशी तुम्ही काहीही ठरवलंत तरी त्या हमीतलं एक अक्षरही बदलत नाही. वडील गप्प आहेत ते बहुधा याचमुळे. बँकेत त्या कागदांवर सह्या त्यांनी केल्या आहेत. भावाच्या घाईपेक्षा त्यांच्या गप्प राहण्याकडे आधी लक्ष द्या.

समोरची कंपनी तुमचा ब्रँड कशासाठी घेते आहे, हेही पाहून घ्या. ऑनलाइन बाजारात नवा ग्राहक आणायला जाहिरातीवर फार पैसा जातो. ज्याचं नाव लोक शोधतात, ज्याच्या मालाखाली चांगले अभिप्राय साठलेत, तो ब्रँड तयार विकत घेणं त्यापेक्षा स्वस्त आणि झटपट पडतं. आपल्या राज्यातलं ठळक उदाहरण पुण्याच्या फर्स्टक्रायचं. सुपम माहेश्वरी आणि अमिताव साहा यांनी २०१० मध्ये ती सुरू केली. कंपनीचं कागदोपत्री नाव ब्रेनबीज सोल्यूशन्स. २०१६ मध्ये तिने महिंद्रा समूहाकडून बेबीओय हा प्रतिस्पर्धी घेतला, रोख आणि शेअर मिळून सुमारे ३६२ कोटींच्या व्यवहारात. दुकानं फर्स्टक्रायच्या जाळ्यात गेली आणि बेबीओय हे नाव फर्स्टक्रायवर विकल्या जाणाऱ्या कपड्यांवरचं लेबल म्हणून उरलं. पुढे २०२१ मध्ये छोटे ब्रँड विकत घेऊन वाढवण्यासाठी ग्लोबलबीज ही वेगळी कंपनी उभी राहिली. तुम्हाला आलेला प्रस्ताव त्याच जातीचा दिसतो.

घेतलेला ब्रँड पुढे चालवायचा की मिटवायचा, हे घेणारा ठरवतो. फ्लिपकार्टने २०१४ मध्ये मिंत्रा घेतली, ती आजही जोरात आहे. त्याच मिंत्रामार्फत २०१६ मध्ये ७ कोटी डॉलरला जबाँग घेतली, ती २०२० मध्ये बंद केली. अ‍ॅमेझॉनने २०१० मध्ये अमेरिकेत लहान मुलांचा माल विकणारी क्विडसी घेतली आणि २०१७ मध्ये गुंडाळली. यात गैर काही नाही, मालकाचा तो हक्कच आहे. पण अशा वाढीला सतत पैसा लागतो आणि त्यातला बराच उसना असतो. ऑनलाइन ब्रँड एकामागून एक विकत घेणारी अमेरिकेतली थ्रॅसिओ ही एके काळी या धंद्याचा आदर्श मानली जायची. फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्जाच्या ओझ्याखाली तिला दिवाळखोरीच्या न्यायालयात जावं लागलं. म्हणजे उद्या तुमच्या कंपनीच्या सीसीतून किती उचल करायची हे ठरवणारे लोक तुमच्यापेक्षा जास्त धाडसी असतील आणि त्या उचलीमागे जमीन मात्र तुमच्या वडिलांची असेल.

माणसं बुडतात ती इथे. किंमत थोडी कमी आली म्हणून बुडालेलं कुटुंब मी पाहिलेलं नाही. हमी सोडवायची राहिली म्हणून जमिनीपर्यंत गेलेली कुटुंबं पाहिली आहेत. एका फाइलचं सांगतो. मसाल्याचा छोटा कारखाना, बहुसंख्य शेअर विकलेले, विकणारे वडील-मुलगे खूश. जुन्या मालकांची सीसी मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच वापरलेली असायची. नव्या मालकांनी सणासुदीच्या तोंडावर माल भरायला ती काठोकाठ उचलली. मर्यादा तीच होती, त्यामुळे बँकेला वडिलांची नवी सही लागलीच नाही. पुढे मूळ खरेदीदारच अडचणीत आला, खातं एनपीए झालं आणि नोटीस आली ती कंपनीत एकही शेअर न उरलेल्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांना. त्यांच्याकडे खरेदीदाराचं लेखी आश्वासन होतं की बँकेने काही मागितलं तर आम्ही भरून देऊ. पण ते भरून देणारा स्वतःच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत होता. त्या कागदामुळे त्यांना विनातारण देणेकऱ्यांच्या रांगेत शेवटी कुठेतरी जागा मिळाली, एवढंच.

कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. भारतीय करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कंपनीकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं त्याला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात हे १९६८ मध्येच सांगितलं. कंपनीची दिवाळखोरी प्रक्रिया पूर्ण होऊन तिचं कर्ज कमी झालं तरी हमीदार आपोआप सुटत नाही, हे २०२१ च्या ललितकुमार जैन निकालाने पक्कं केलं. कर्जाच्या अटी जामीनदाराला न विचारता बदलल्या तर पुढच्या व्यवहारांपुरता तो मोकळा होतो असं कलम १३३ म्हणतं खरं, पण बँकांच्या छापील हमीपत्रात हा हक्क बहुधा आधीच सोडून दिलेला असतो. कलम १३० खाली नोटीस देऊन पुढच्या उचलीपुरती हमी मागे घेता येते. तोवर झालेली बाकी मात्र डोक्यावर राहतेच, आणि अशी नोटीस मिळताच बँक सीसी गोठवू शकते.

‘शेतजमिनीला बँक हात लावू शकत नाही’ हे आपल्याकडे हमखास ऐकायला मिळतं. ते अर्धवट खरं आहे. सरफेसी कायद्याच्या कलम ३१ मुळे शेतजमिनीवर बँकेला न्यायालयाबाहेरची झटपट जप्ती करता येत नाही. पण २० लाख आणि त्यापुढच्या कर्जासाठी बँक कर्ज वसुली न्यायाधिकरणात (डीआरटी) जाऊ शकते, आपल्यासाठी ते छत्रपती संभाजीनगरला, आणि तिथून वसुलीचा दाखला मिळाल्यावर तीच तारण जमीन विक्रीला निघू शकते. शिवाय शेताचा जो तुकडा एनए करून त्यावर हळद दळायचं शेड बांधलं असेल, त्याला ते संरक्षणही नाही. इसापूरच्या कालव्याखालची केळीची बागायत बँकेने तारण म्हणून का घेतली, याचा विचार करा. ती विकली जाईल याची बँकेला खात्री असते.

आणखी एक. सीसीच्या मंजुरीपत्रात बहुधा अट असते की बँकेच्या लेखी परवानगीशिवाय कंपनीची मालकी बदलायची नाही. ती असेल आणि तुम्ही आधी शेअर देऊन मग बँकेला कळवलंत, तर कर्जाचा भंग तुम्हीच केलेला ठरतो आणि बँक सगळी रक्कम एकदम मागू शकते.

म्हणून करारात काय हवं ते नीट वाचा. खरेदीदाराचा वकील मसुद्यात असं लिहील की व्यवहार झाल्यावर ९० दिवसांत आम्ही जुन्या संचालकांच्या हमी बदलून घेण्यासाठी योग्य ते प्रयत्न करू. या वाक्याखाली सही करू नका. प्रयत्न केले आणि जमलं नाही, तर त्या वाक्याचा भंगच होत नाही. हमी सुटणं ही शेअर हस्तांतराच्या आधीची अट असली पाहिजे. सरळ मार्ग असा : व्यवहाराच्या दिवशी खरेदीदाराच्या पैशातून सीसीची पूर्ण बाकी थेट बँकेत भरली जावी, आणि बँकेने त्याच दिवशी वडील, तुम्ही व भाऊ या तिघांना हमीतून मुक्त केल्याचं पत्र आणि जमिनीचे मूळ कागद द्यावेत. त्यानंतरच शेअर हस्तांतराच्या कागदांवर सह्या. खरेदीदाराला सीसी चालू ठेवायची असेल तर त्याने स्वतःची हमी, स्वतःचं तारण द्यावं. एवढ्या मोठ्या कंपनीला ९० लाखांसाठी बँकेला राजी करता येत नसेल, तर तिच्या पुढच्या हप्त्यावर तुम्ही कशाच्या भरवशावर विसंबणार?

पत्र मिळालं म्हणून थांबू नका. कंपनी निबंधकाकडे बोजा फिटल्याचा सीएचजी-४ फॉर्म भरला गेला पाहिजे, सरसाई या तारणांच्या केंद्रीय नोंदवहीतली नोंद निघाली पाहिजे आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कातून बँकेचं नाव फेरफाराने कमी झालं पाहिजे. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत न दिल्यास बँकेने रोज ५,००० रुपये द्यायचे, हा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा नियम बरेच जण पुढे करतात. तो वैयक्तिक कर्जांसाठी आहे, कंपनीच्या सीसीला त्याचा आधार घेता येणार नाही. कागद कधी मिळणार ते बँकेकडून आधीच लेखी घ्या.

जमीन आत्ताच मुलांच्या नावे बक्षीसपत्राने करून घेऊ, असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. गहाण जमिनीबरोबर जातं. ‘मोठी कंपनी आहे, शब्द फिरवणार नाही’ हा मुद्दा माझ्यासमोर मांडूच नका.

आता तुमचे तीन प्रश्न.

किंमत : आज हातात येणारी रक्कम तेवढीच किंमत माना. दोन वर्षांनंतरची विक्रीवरची रक्कम मिळाली तर उत्तम, पण ७० टक्के शेअर गेल्यावर दर, जाहिरात आणि माल कोणता दाखवायचा हे सगळं त्यांच्या हातात असेल, म्हणजे विक्रीचा आकडाही. निदान ती रक्कम विक्रीवरच राहू द्या, नफ्यावर नेऊ देऊ नका आणि हिशेब तपासण्याचा हक्क लिहून घ्या. उरलेले ३० टक्के कोण, कधी, कोणत्या सूत्राने घेणार हेही आजच ठरलं पाहिजे. नंतर अशा अल्पसंख्य शेअरांना दुसरं गिऱ्हाईक मिळत नाही. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तुमच्या पाकिटावर त्याचा उल्लेख असेल तर ते मानांकन विक्रीची वस्तू नाही हे लक्षात ठेवा. विकला जातो तो तुमचा ट्रेडमार्क. तो आडनावावरून असेल तर पुढे तुम्हाला वा मुलांना त्या नावाने धंदा करता येणार नाही. धंद्याची पत विकताना स्पर्धा न करण्याची वाजवी अट करार कायद्याच्या कलम २७ ला मान्य आहे, म्हणून तिची मुदत आणि क्षेत्र घासाघीस करून कमी करा.

रोख की शेअर : रोख. महिंद्रांनी २०१६ मध्ये फर्स्टक्रायचे शेअर घेतले आणि ते बाजारात यायला ऑगस्ट २०२४ उजाडलं. ४६५ रुपयांना विकलेला शेअर पहिल्या दिवशी ६५१ वर उघडला आणि २०२५ मध्ये ४६५ च्याही खाली आला. त्यांना आठ वर्षं थांबणं परवडतं, तुम्हाला नाही. शिवाय शेअरच्या बदल्यात शेअर घेतले तरी भांडवली नफ्याचा कर बहुधा त्याच वर्षी भरावा लागतो, हातात रुपया न येता.

कर : बाजारात नोंद नसलेले शेअर २४ महिन्यांहून जास्त काळ जवळ असतील तर २३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के, वर अधिभार व उपकर. महागाईचा निर्देशांक लावून खरेदी किंमत वाढवता येत नाही. पुढची रक्कम तुम्ही तिथे नोकरीत राहण्याशी जोडलेली असेल तर प्राप्तिकर खातं तिला पगार मानू शकतं आणि मग कर बराच वाढतो. त्यामुळे मसुदा सीएला सहीच्या आधी दाखवा.

या आठवड्यात वडिलांना बरोबर घेऊन बँकेत जा. मंजुरीपत्र, तिघांची हमीपत्रं आणि गहाणखत यांच्या प्रती लेखी अर्ज देऊन मागा. हमी किती रकमेपुरती आहे, पुढच्या नूतनीकरणांनाही लागू आहे का, आणि कंपनीबाहेरचं दुसरं एखादं कर्ज तिच्यात ओढलं गेलंय का, हे वडिलांच्या शेजारी बसून वाचा. खरेदीदाराला तोवर एकच उत्तर द्या : बँकेचं मुक्तिपत्र ज्या दिवशी, सही त्या दिवशी.