अनेक भाषांची एक गोष्ट

मुलांच्या कथावाङ्मयात भिन्न संस्कृतींना स्थान देण्याच्या दोन रीती संभवतात. पहिल्या रीतीत परकी गोष्ट वाचकाच्या घरची करून सांगितली जाते. तिच्यातील नावे, वेष, अन्न, देवदेवता ही सारी त्याच्या परिचयाची होतात. दुसऱ्या रीतीत गोष्ट आपल्या मूळच्या मातीसह त्याच्यासमोर येते आणि चार पावले पुढे जाण्याचे काम वाचकाला करावे लागते. या दोन्ही रीतींचे गुणदोष पडताळून पाहण्यास चेन्नईइतके सोयीचे शहर भारतात क्वचितच सापडेल. १९९६ पर्यंत मद्रास या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शहरात दोन्ही प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाले.

पहिला प्रयोग मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचा आहे; मात्र त्याचे मूळ मद्रासेत होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जुलै १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या आदल्या महिन्यात, बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी तेथे मुलांचे एक मासिक सुरू केले. ते तेलुगूत 'चंदामामा' आणि तमिळमध्ये 'अंबुलिमामा' या नावांनी निघू लागले. १९५२ मध्ये त्याची मराठी आवृत्ती निघाली; तीच 'चांदोबा'. पुढे या मासिकाने दहाहून अधिक भाषांत प्रवेश केला आणि २०१३ मध्ये ते बंद पडले. चक्रपाणी यांनी शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या बंगाली कादंबऱ्या तेलुगूत आणल्या होत्या. एका भाषेतील कथा दुसऱ्या भाषेत कशी रुजते, याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

मासिकाची घडण ध्यानात घेण्याजोगी आहे. १९५२ पासून १९८० पर्यंत संपादनाची धुरा प्रामुख्याने तेलुगू लेखक कोडवटिगंटी कुटुंबराव यांनी वाहिली. मजकूर तेलुगूत सिद्ध होई आणि तेथून तो इतर भाषांत उतरविला जाई. चित्रे मात्र सर्व आवृत्त्यांना सारखीच असत. त्यामुळे चित्रकारावर एक विशेष जबाबदारी येई. त्याने काढलेला राजवाडा, हाट किंवा शेतकऱ्याचे घर गुजराती मुलालाही आपले वाटावे आणि मल्याळी मुलालाही. हातात उपसलेली तलवार आणि खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चाललेला विक्रमराजा चित्रकार शंकर यांनी रंगविला. त्याला पाहून हा कोणत्या प्रांताचा, असा प्रश्न कोणाही मुलाच्या मनात आला नाही. मूळच्या पंचवीस वेताळकथा संपल्यानंतरही त्याच चौकटीत नव्या कथा बसविल्या गेल्या, आणि त्याही तितक्याच आवडीने वाचल्या गेल्या.

कुटुंबरावांनी होमरच्या 'ओडिसी'चे कथानक तेलुगूत आणले, तेव्हा त्यांनी नायकाचे नाव रूपधर असे ठेवले. ग्रीक समुद्रातील ते संकटमय भ्रमण अशा रीतीने भारतीय मुलाच्या ओळखीचे झाले. या पद्धतीचा लाभ उघड आहे. नाव उच्चारताना जीभ अडखळत नाही आणि दूरदेशीचा मनुष्यही आपल्यासारखाच भितो, फसतो आणि धीर धरतो, हे मुलाला सहज उमगते. तथापि, या सुलभतेची किंमतही द्यावी लागते. रूपधर ग्रीक होता, हे मुलाला कळत नाही. तसेच सर्वांना आपले वाटावे म्हणून रचलेल्या जगात राजे, व्यापारी, पंडित आणि शेतकरी यांचीच वस्ती सहसा दाट होते. मच्छीमाराचा पाडा, गिरणी कामगाराची चाळ, मशिदीलगतची गल्ली यांना त्यात क्वचितच जागा मिळते.

कोणाला जागा मिळाली नाही, हा प्रश्न अमेरिकेत १९६५ मध्ये नॅन्सी लॅरिक यांनी आकड्यांनिशी मांडला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेल्या ५,२०६ बालपुस्तकांची त्यांनी पाहणी केली. एक तरी कृष्णवर्णीय व्यक्ती ज्यांत आढळते, अशी पुस्तके त्यांत अवघी ६.७ टक्के निघाली. यातून होणारी हानी दुहेरी होती. कृष्णवर्णीय मुलाला पुस्तकात स्वतःचे घर दिसत नव्हते, आणि गौरवर्णीय मुलाला आपले घर म्हणजेच सारे जग वाटत होते.

चेन्नईतील दुसरा प्रयोग या प्रश्नाला उत्तर देतो. तेथे १९९० नंतरच्या दशकात 'तारा' आणि 'तूलिका' या दोन प्रकाशनसंस्था उदयास आल्या. 'तारा'ने २००४ मध्ये 'द लंडन जंगल बुक' प्रकाशित केले. त्याचे चित्रकार भज्जू श्याम हे मध्य प्रदेशातील पाटणगढ येथील गोंड कलावंत होत. एका उपाहारगृहाच्या भिंती रंगविण्यासाठी ते लंडनला गेले होते. परतल्यावर त्यांनी ते शहर गोंड चित्रभाषेत रेखाटले. त्यात 'बिग बेन' हे घड्याळ कोंबड्याशी एकरूप झाले आहे, कारण गावात वेळ सांगण्याचे काम कोंबडाच करतो. भुयारी रेल्वे गांडूळ झाली आहे आणि विमान हत्ती. किपलिंगने भारतातील अरण्याच्या कथा इंग्रज मुलांना सांगितल्या होत्या. येथे ज्यांच्याकडे आजवर पाहिले गेले, त्यांच्यापैकीच एक जण पाहणारा झाला. हा बदल मोठा आहे.

'तूलिका' मराठीसह नऊ भाषांत पुस्तके काढते. तिच्या द्विभाषिक पुस्तकांत दोन लिप्या एकाच पानावर शेजारी नांदतात. आपली नसलेली अक्षरेही कोणाची तरी मातृभाषा आहेत, हे मुलाच्या नजरेस नकळत पडते. तिच्या 'मुकंद आणि रियाझ' या पुस्तकात नीना सबनानी यांनी १९४७ च्या कराचीतील दोन मित्रांची ताटातूट सांगितली आहे. वडिलांच्या आठवणींवर आधारलेल्या या कथेतील चित्रे कापडाचे तुकडे जोडून केलेल्या पारंपरिक कलाकामाच्या धर्तीची आहेत. येथे मुकंद हिंदू आणि रियाझ मुसलमान आहे, ही गोष्ट झाकून चालले नसते. ती झाकली तर कथाच उरत नाही.

यावरून पहिली रीत टाकाऊ आणि दुसरीच ग्राह्य, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. 'चांदोबा'ने पिढ्यान्पिढ्या मुलांना वाचनाची गोडी लावली, आणि ज्याला वाचनाची गोडीच नाही त्याला परक्या मातीची गोष्टही मोहविणार नाही. मात्र मुलांसाठी पुस्तके निवडणाऱ्या शिक्षकाने किंवा ग्रंथपालाने कपाटासमोर उभे राहून दोन गोष्टी तपासाव्यात. वर्गातील प्रत्येक मुलाला आपल्या घरासारखे घर या पुस्तकांपैकी एकात तरी आढळेल काय? आणि ज्या घराचा उंबरठा त्याने कधी ओलांडला नाही, अशा घरात नेणारे एखादे पुस्तक त्याच्या हाती पडेल काय? या दोहोंपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर पुस्तकांची संख्या कितीही मोठी असली तरी तो संग्रह अपुराच समजला पाहिजे.