वेगळी नोंद का हवी?

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या भाचीला ऐकू येत नाही आणि दिसतही नाही. कायद्यात याची वेगळी नोंद आहे का?
– एक वाचक, वसमत (जि. हिंगोली)

उत्तर : नोंद आहे, पण वेगळी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बधिरांधत्व ‘बहुविकलांगते’त मोडतं. युरोपीय संसदेनं २००४ मध्येच ते स्वतंत्र अपंगत्व मानलं. आपणही तशाच स्वतंत्र नोंदीची मागणी लावून धरायला हवी. कारण अंधाला कानांचा आधार असतो, बधिराला डोळ्यांचा. तुमच्या भाचीचा मुख्य आधार स्पर्श. म्हणून जेवणाआधी रोज तीच वाटी तिच्या हाती द्या. हळूहळू वाटी म्हणजे जेवण, हे तिला उमगेल. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांग ओळखपत्रासाठी) कान-डोळे दोन्ही तपासून घ्या, ‘बधिरांधत्व’ लिहिण्याचा आग्रह धरा. मुंबईची हेलन केलर संस्था अशा मुलांसाठी काम करते. वेगळी नोंद होईल, तरच ही मुलं मोजली जातील.