नोकरीत भेदभाव झाला तर दाद कोठे मागावी?

या पानावर आम्ही एरवी सुताचे भाव, उधारीची वसुली आणि जीएसटीचा हिशोब यांविषयी लिहितो. आजचा विषय थोडा वेगळा असला तरी धंद्याबाहेरचा नाही. ज्यांच्या हातून ताका विणला जातो, त्याची घडी होते आणि गाठ बांधली जाते, त्या माणसांच्या हक्काचा हा विषय आहे.

काही दिवसांपूर्वी भिवंडीत आमच्या पेढीवर एक भगिनी काम मागायला आली. एका शिलाई कारखान्यात ती सात वर्षे मशीनवर होती. ती गरोदर असल्याचे कळताच मुकादमाने "उद्यापासून येऊ नकोस" एवढेच सांगितले आणि तिची नोकरी संपली. आम्ही तिला ओळखीच्या वकिलांकडे नेले. त्यांनी चार प्रश्न विचारले. नेमणूकपत्र आहे काय? पगाराची चिठ्ठी? कामावरून काढल्याचे काही लेखी? त्या वेळी कोठे तक्रार दिली होती काय? चारही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असेच आले. शिवाय घटनेला तीन वर्षांहून अधिक काळ लोटला होता. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात अशा तक्रारीला तीन वर्षांची मुदत होती, तीही निघून गेली होती. वकीलसाहेब म्हणाले, "कायदा हिच्या बाजूचा होता, पण ही वेळेवर आली नाही आणि हातात कागदही नाही."

सात वर्षांच्या मेहनतीचा हक्क असा बुडाला. कायदा नव्हता म्हणून नव्हे, तर कोणते दार ठोठवायचे आणि काय घेऊन जायचे हे कोणी सांगितले नव्हते म्हणून. तेच आज आम्ही सांगणार आहोत.

भेदभाव म्हणजे नेमके काय?

मालकाने रागावून बोलणे, जादा काम सांगणे किंवा पगारवाढ न देणे म्हणजे दरवेळी कायद्यातला भेदभाव असतोच असे नाही. ज्या कारणाचा कामाशी संबंध नाही, त्या कारणावरून दोन माणसांना वेगळी वागणूक देणे म्हणजे भेदभाव. बाई म्हणून कमी मजुरी, अपंगत्व म्हणून बढती नाही, आजार म्हणून नोकरी नाही, नाव विशिष्ट धर्माचे वा जातीचे म्हणून मुलाखतीलाच बोलावणे नाही, ही त्याची उदाहरणे होत.

आपल्या देशात या सर्वांसाठी एकच कायदा नाही. प्रत्येक कारणासाठी कायदा वेगळा आणि दारही वेगळे. सामान्य माणूस येथेच अडतो. म्हणून आधी कारण ओळखावे, मग दार शोधावे.

मजुरीतील भेदभाव. स्त्री आणि पुरुष एकच किंवा सारखेच काम करीत असतील तर मजुरी सारखीच द्यावी लागते. हा नियम १९७६ च्या समान वेतन कायद्याने आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या असून हा नियम आता वेतन संहिता, २०१९ मध्ये आहे. कामावर घेतानाही स्त्री-पुरुष असा भेद करता येत नाही. मजुरी कमी दिल्याचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. अशा दाव्यात पैसे दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते, मजुरावर नव्हे. ही गोष्ट प्रत्येक कामगाराने लक्षात ठेवावी.

बाळंतपण. प्रसूतीच्या रजेवर असलेल्या स्त्रीला त्या कारणाने कामावरून काढता येत नाही. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते. १९६१ च्या कायद्यातील या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आहेत.

लैंगिक छळ. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. माणसे त्याहून कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. तक्रारीची मुदत तीन महिने आहे. कारण योग्य असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते.

अपंगत्व व आजार. दिव्यांग व्यक्तींसाठी २०१६ चा कायदा आहे आणि त्यासाठी राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. एचआयव्ही असलेल्या माणसाला केवळ त्या कारणाने नोकरी नाकारणे किंवा कामावरून काढणे याला २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. ही मनाई खासगी मालकालाही लागू आहे.

सरकारी नोकरी. येथे संविधानाचे कलम १६ थेट लागू होते. धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान किंवा निवासस्थान या कारणांवरून सरकारी नोकरीत भेद करता येत नाही. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्याला महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचे दार आहे. अंतिम आदेशापासून साधारण एक वर्षात तेथे अर्ज करावा लागतो.

कायद्यातील एक रिकामी जागा

आता कटू गोष्टही सांगितली पाहिजे. खासगी कंपनीने केवळ धर्म पाहून उमेदवाराला नाकारले तर त्यासाठी खास असा कामगार कायदा आजही नाही. २०१५ मध्ये मुंबईतील एका हिरे निर्यात कंपनीने एका तरुणाला आम्ही मुस्लिम उमेदवार घेत नाही असे ईमेलनेच कळविले होते. ते उत्तर लेखी होते म्हणूनच प्रकरण पुढे गेले. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाने दखल घेतली आणि पोलिसांत गुन्हाही नोंदला गेला. हेच उत्तर फोनवर मिळाले असते तर त्या तरुणाच्या हाती काय राहिले असते? सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली होती. तो आयोग अद्याप झालेला नाही. तोपर्यंत अशा तक्रारीसाठी राष्ट्रीय आणि राज्य अल्पसंख्याक आयोग हीच दारे आहेत. अनुसूचित जाती-जमातींच्या बांधवांसाठी त्यांचे आयोग आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे.

मात्र आधीच कामावर असलेल्या माणसाची गोष्ट वेगळी आहे. गुणवत्ता न पाहता एका गटाच्या कामगारांवर मेहेरनजर करणे ही कायद्याने अनुचित कामगार प्रथा ठरते. आपल्या महाराष्ट्राने १९७१ मध्येच त्यासाठी स्वतंत्र कायदा केला होता. आज औद्योगिक संबंध संहिता, २०२० च्या अनुसूचीतही ही प्रथा नमूद आहे. म्हणजे पाळी लावताना, कायम करताना किंवा काढताना पक्षपात झाला, तर कामगाराला दाद मागता येते.

मुंबईच्या एका स्टेनोग्राफरची गोष्ट

हे सारे पुस्तकातच राहते असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी आपल्याच मुंबईचे उदाहरण देतो. मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीत ऑड्री डी'कोस्टा या स्टेनोग्राफर होत्या. स्त्री स्टेनोग्राफरना पुरुषांपेक्षा कमी पगार मिळत असे. १९७७ मध्ये त्यांची नोकरी संपली आणि त्यांनी समान वेतन कायद्याखाली अर्ज केला. पहिल्या अधिकाऱ्याने तो फेटाळला. त्यांनी अपील केले आणि तेथे त्या जिंकल्या. कंपनी उच्च न्यायालयात गेली, तेथे हरली. मग सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९८७ मध्ये तेथेही हरली.

कंपनीची बाजू अशी होती की युनियनशी करार झाला आहे, स्त्री स्टेनोग्राफरचे काम वेगळ्या प्रकारचे आहे आणि जादा पैसे देण्याची ऐपत नाही. न्यायालयाने यातले काहीही मानले नाही. पदाचे नाव काय आहे हे नव्हे, तर प्रत्यक्षात काम कोणते होते हे पाहिले गेले. मालकाची ऐपत हे समान मजुरी नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, हे त्या निकालाने पक्के झाले. पहिल्या नकारानंतर त्या घरी बसल्या असत्या तर हा निकाल लागला नसता.

कागद कसे जपावेत?

कामावर घेताना नेमणूकपत्र आणि दर महिन्याला वेतनचिठ्ठी, दोन्ही मागून घ्यावीत. नव्या संहितांनी ही मालकाची जबाबदारी केली आहे. मिळाले नाही तर निराश होऊ नये. बँकेच्या पासबुकातील पगाराची नोंद, ईएसआयचे कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची नोंद, हजेरी कार्ड, गेटपास, सुपरवायझरचा मोबाइलवरील संदेश, हे सर्व पुरावे होत. मोबाइलमधील संदेश पुसू नयेत आणि मोबाइल बदलताना जुना विकू नये.

घडले ते त्याच दिवशी वहीत लिहावे. तारीख, वेळ, कोण काय बोलले आणि तेथे कोण हजर होते एवढे पुरे. भाषेची लाज बाळगू नये. आमचे स्वतःचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, मराठी अर्ज लिहिताना आजही आमचा हात अडखळतो. मुद्दा भाषेचा नसून तारखेचा असतो.

मग मालकाला साधा लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोहोच घ्यावी. पोहोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. रागाच्या भरात कोऱ्या कागदावर किंवा राजीनाम्यावर सही करू नये. 'स्वखुशीने सोडले' या दोन शब्दांनी कित्येकांची केस संपली आहे.

त्यानंतर कामगार आयुक्त कार्यालयात समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. कामावरून काढल्याच्या वादात ४५ दिवसांत समेट झाला नाही तर कामगार स्वतः औद्योगिक न्यायाधिकरणात जाऊ शकतो. ही मुदत आता तीन नव्हे, दोन वर्षांची आहे.

वकिलाची फी कोठून आणावी?

बहुतेकांची पावले येथे थांबतात. परंतु १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम १२ फार थोड्यांना माहीत आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत ही मदत मिळते. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याला समिती असते. तेथे साधा अर्ज द्यावा लागतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. ही खैरात नव्हे. संविधानाच्या कलम ३९-अ ने सांगितलेला हा हक्क आहे.

शेवटी आपल्या व्यापारी बांधवांशी

त्या भगिनीला आम्ही घडीच्या कामावर घेतले. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "शेठ, पहिले मला कामाचा कागद द्या." आमच्या पेढीत नेमणूकपत्राचा नमुनाच नव्हता! मग आम्ही हजेरी पत्रक काढून पाहिले. धागे कापणे आणि घडी घालणे या एकाच कामाला पुरुषांची रोजी वेगळी आणि बायकांची वेगळी लिहिलेली होती. वडिलांच्या काळापासून चालत आले म्हणून आम्ही कधी विचारच केला नव्हता. दुसऱ्यांच्या कारखान्यातील भेदभावावर आम्ही वकिलाशी बोलत होतो आणि तोच आमच्या वहीत बसला होता. त्या महिन्यापासून रोजी एक केली, मागील फरक हप्त्यांनी देत आहोत आणि सर्वांना नेमणूकपत्रे दिली. धंदा बुडाला नाही.

व्यापारी बांधवांनी आज रात्री दुकान वाढवण्यापूर्वी आपली हजेरीची वही एकदा या नजरेने पाहावी. आणि कामगार बंधू-भगिनींनी घरी गेल्यावर आपले कागद एका पिशवीत एकत्र करून ठेवावेत. हक्क मागण्याची वेळ कधी येईल हे सांगता येत नाही, पण आली तर हात रिकामे नसावेत.