एका पासावर ३३ देश

आपल्या एस.टी.चा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास तुम्हाला माहीत असेल. ४ किंवा ७ दिवस कुठंही फिरा! युरोपात असाच पास आगगाडीचा आहे. त्याचे नाव इंटररेल. तो १९७२ साली निघाला. तेव्हा तो २१ वर्षांपर्यंतच्या मुलामुलींनाच मिळे. आता कोणालाही मिळतो व ३३ देशांत चालतो. आपण भारतातून गेलो तर युरेल पास घ्यायचा.

पण पास मिळाला म्हणजे झालं असं नाही. हिशेब करावा लागतो. समजा, पास महिन्यात ७ दिवसांचा आहे. म्हणजे त्या महिन्यातले कोणतेही ७ दिवस गाडीनं फिरायचं. म्युनिकहून साल्झबर्ग सुमारे दीड तास, तिथून व्हिएन्ना अडीच तास. दोन्ही एकाच दिवशी केलं तर एकच दिवस खर्ची पडतो. म्हणून लांबचा प्रवास पासावर करावा, जवळचा साध्या तिकिटावर. फ्रान्सच्या वेगवान गाड्यांत जागेचे पैसे वेगळे पडतात. तेही आधीच धरावेत.

एकट्यानं जाणाऱ्यानं गाड्यांची यादी करून एक प्रत घरी द्यावी. उजेड आहे तोवर मुक्कामी पोचावं.

सोडवा पाहू : सकाळी ९ ला म्युनिक सोडलं. साल्झबर्गला ३ तास थांबलो. तर व्हिएन्नाला किती वाजता पोचू?