मार्केट आणि मंडई

'मार्केट' या एकाच इंग्रजी नामासाठी मराठीत प्रसंगानुसार निरनिराळे शब्द योजतात. नेमलेल्या वारी भरतो तो बाजार, दुकाने व वस्ती असलेला शहराचा भाग ती पेठ, भाजी-फळे विकण्याची जागा ती मंडई. मालाला असलेली मागणी सांगायची असल्यास 'बाजारपेठ' म्हणतात. 'कांद्याचा बाजार उतरला' या वाक्यात मात्र 'बाजार' म्हणजे भाव.

पूर्वी पुण्याची भाजी शनिवारवाड्यासमोरील पटांगणात उघड्यावर विकली जाई. 1886 साली तिच्यासाठी शुक्रवार पेठेत दगडी इमारत उभी राहिली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला 'रे मार्केट' म्हणू लागले. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी या खर्चास विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे लावावा, असे त्यांचे मत होते. पुढे त्याच इमारतीस 'महात्मा फुले मंडई' हे नाव मिळाले. गव्हर्नरांच्या नावाबरोबर 'मार्केट' हा शब्दही तेथून गेला. गुलटेकडीच्या घाऊक बाजाराला मात्र पुणेकर आजही 'मार्केट यार्ड' म्हणतात. कोणता शब्द कोठे राहावा, हे कोश ठरवीत नाही. बोलणारे लोक ठरवितात.

स्वाध्याय : बाजार, पेठ, मंडई, बाजारपेठ हे शब्द योग्य अर्थाने योजून प्रत्येकी एक वाक्य लिहा.