एकट्याने डाव मांडायचा, तर कोणता?

प्रश्न : घरी भिडू मिळत नाही. जादूच्या दुनियेतला कोणता डेक-बिल्डिंग खेळ एकट्याने रंगेल?

उत्तर : नवख्याने ‘एऑन्स एंड’ घ्यावा. सुरुवातीला हाती असतात साधे स्फटिक आणि ठिणग्या. मग दमदार मंत्र विकत घेत गड्डी घडवायची आणि ग्रेव्हहोल्ड नगरी राक्षसापासून वाचवायची. गंमत म्हणजे खेळाडूची गड्डी पिसतच नाहीत. पानं ज्या क्रमाने टाकली, त्याच क्रमाने परत येतात. त्यामुळे आधी कोणतं टाकायचं, यातच निम्मी लढाई.

पाळी मात्र पिसलेल्या वेगळ्या गड्डीवर ठरते. राक्षसाची लागोपाठ आली, की बेत कोलमडतो.

मुरलेल्यांसाठी व्लादा ख्वातिल यांचा ‘मेज नाइट’ (२०११). १६ पानांनिशी निघून शहरं जिंकायची. निरुपयोगी वाटणारं पानही आडवं टाकून चालीचा किंवा हल्ल्याचा एक गुण मिळतो. डावाला अख्खी दुपार मोकळी ठेवावी.