जैसे थे करार : बोलणी कोणाशी?

आजचा बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सशस्त्र रझाकारांना अभय देणाऱ्या या सरकारशी बोलणी करावीत काय, हा प्रश्न तेव्हा दिल्लीपुढे होता.

२७ ऑक्टोबर १९४७ रोजी, लातूरचा वकील कासिम रझवी याच्या अनुयायांनी दिल्लीस निघालेल्या निजामाच्याच शिष्टमंडळाची घरे वेढली. शिष्टमंडळ जाऊ शकले नाही आणि पंतप्रधान छत्तारीचे नवाब पायउतार झाले. रझाकार सरकारच्या हाती होते, की सरकार रझाकारांच्या? तरीही २९ नोव्हेंबरला एका वर्षाचा जैसे थे करार झाला.

याला भोळेपणा म्हणण्याची घाई करू नये. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, काश्मीरात युद्ध पेटले होते. दिल्लीला उसंत हवी होती. बोलणी करणे ही चूक नव्हती. मात्र कराराच्या पाच कलमांत रझाकारांचा उल्लेखही नव्हता, आणि या उणिवेची किंमत मराठवाड्यातील खेड्यांनी मोजली. जून १९४८ मध्ये बोलणी फिसकटली. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य शिरले, १७ तारखेला निजाम शरण आला. त्यानंतरच्या सूडात निरपराध मुसलमानही मारले गेले. सुंदरलाल समितीने ते नोंदविले आहे.